वर्गात तंत्रज्ञान वापरताना या चुका टाळा: एका छात्राध्यापिकेच्या नोंदी

शिक्षकी पेशाचे प्रशिक्षण घेत असताना सरावपाठांच्या निमित्ताने मी प्रोजेक्टर, डिजिटल फळा, टॅब्लेट आणि मोबाइल यांचा जो वापर केला, त्यातला बराचसा फसला. फसलेल्या प्रत्येक पाठानंतर त्याचे कारण मी वहीत लिहून ठेवत गेले, आणि काही महिन्यांनी ती पाने सलग वाचली तेव्हा लक्षात आले की तार, नेटवर्क किंवा यंत्र यांच्यामुळे वाया गेलेले पाठ थोडेच होते. बहुतेक बिघाड पाठाच्या टाचणातच, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यातच, होता आणि यंत्रामुळे तो चारचौघांत उघडा पडला एवढेच. म्हणून या लेखात तांत्रिक अडचणींचे उपाय दिले असले तरी अधिक जागा टाचणातल्या चुकांना दिली आहे.

साधन आधी ठरवणे आणि उद्दिष्ट नंतर शोधणे

माझी सर्वांत मोठी चूक हीच होती. चंद्राच्या कलांवरील पाठासाठी मला एक देखणे ॲनिमेशन सापडले आणि संपूर्ण टाचण मी त्याच्याभोवती बेतले. सहा मिनिटे वर्ग अगदी शांत होता. पाठनिरीक्षणासाठी मागे बसलेल्या मार्गदर्शकांच्या चेहऱ्यावरही समाधान दिसत होते. त्यानंतर ‘चंद्राच्या कला का दिसतात?’ असा प्रश्न मी विचारला आणि एकामागून एक मुले तेच उत्तर देऊ लागली, की पृथ्वीची सावली चंद्रावर पडते म्हणून. हे चंद्रग्रहणाचे कारण झाले. कलांचा पृथ्वीच्या सावलीशी काहीही संबंध नाही. ग्रहणाचा काळ सोडला तर चंद्राचा अर्धा भाग सूर्यप्रकाशाने नेहमीच उजळलेला असतो, आणि त्या उजळलेल्या भागापैकी किती भाग आपल्या बाजूला आहे यावर, सुमारे २९.५ दिवसांच्या चक्रात, आपल्याला दिसणारी कोर ठरते. ॲनिमेशनमध्ये हे सगळे बिनचूक दाखवलेले होते आणि मुलांनी ते मन लावून पाहिलेही होते. मात्र पाहण्याआधीच त्यांच्या मनात घर करून बसलेल्या समजुतीला मी कुठेही हात घातला नव्हता. वर्गाची शांतता ही आकलनाची खूण आहे असे मी तोवर समजत होते.

तोच पाठ दुसऱ्या तुकडीवर घेताना मी क्रम उलटा केला. खोलीत अंधार करून एकच दिवा लावला, प्रत्येक मुलाने हात लांब करून डोक्याच्या थोड्या वर चेंडू धरला आणि जागेवरच हळूहळू गिरकी घेत चेंडूचा उजळलेला भाग कसा बदलतो ते पाहिले. ॲनिमेशन त्यानंतर आले आणि तेही तीन ठिकाणी थांबवून. प्रत्येक थांब्यावर पुढची कोर कशी दिसेल याचे चित्र मुलांनी आधी वहीत काढायचे आणि मगच ॲनिमेशन पुढे सुरू करायचे, असे ठरवले होते. चित्र चुकले असेल तर ते मुलाला स्वतःलाच दिसते, आणि आपले नेमके कुठे चुकले हे विचारायला ते आपणहून पुढे येते. साधन दोन्ही वेळा एकच होते.

तेव्हापासून मी टाचणात प्रत्येक साधनासमोर एक क्रियापद लिहिते: हे साधन चालू असताना मूल काय करीत असेल? उत्तर ‘पाहील’ किंवा ‘ऐकेल’ एवढेच येत असेल, तर तो भाग पुन्हा लिहावा लागतो. ‘भाकीत करील’, ‘मोजून पाहील’, ‘दोन उत्तरांची तुलना करील’ असे काही आले, तर साधनाला पाठात जागा आहे असे मी समजते. प्रशिक्षणात आम्हाला मिश्रा आणि कोहलर या शिक्षण-संशोधकांची २००६ सालची मांडणी शिकवली जाते, ज्यात आशय, अध्यापनपद्धती आणि तंत्रज्ञान या तिन्हींचे ज्ञान परस्परांत गुंफलेले असावे असे सांगितले आहे. परीक्षेत आम्ही ती तीन वर्तुळांच्या आकृतीसह लिहितो आणि सरावपाठात फक्त तिसऱ्या वर्तुळाच्या मागे लागतो. वर्गातील तंत्रज्ञानाच्या वापराच्या चार पायऱ्या सांगणाऱ्या रुबेन पुएन्तेदुरा यांच्या मांडणीबाबतही असेच होते. जुन्या साधनाच्या जागी नवे ठेवणे ही त्यातली पहिली पायरी आणि पूर्वी शक्यच नसलेले काम करून घेणे ही चौथी. ती शिडी आहे असे मानून प्रत्येक तासाला चौथ्या पायरीवर चढण्याचा अट्टहास आम्ही धरतो. पन्नास जणांना एक जुना नकाशा नीट दिसावा म्हणून तो पडद्यावर मोठा करून दाखवणे ही पहिलीच पायरी झाली, तरी तेवढ्याने त्या तासाचे काम भागते.

यंत्राकडून अवास्तव अपेक्षा ठेवण्याची सवय तशी जुनीच आहे. शाळांमधून पुस्तके लवकरच कालबाह्य होतील आणि त्यांची जागा चित्रपट घेतील, असे भाकीत थॉमस एडिसन यांनी १९१३ साली केले होते. शाळांमधील संगणकीकरणावर मोठा खर्च केलेल्या देशांच्या वाचन, गणित आणि विज्ञान यांतील कामगिरीत उल्लेखनीय सुधारणा दिसत नाही, असे ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेच्या २०१५ सालच्या अहवालात नमूद आहे.

स्लाइडवर सगळे लिहिणे आणि तेच वाचून दाखवणे

स्लाइडवरचा परिच्छेद शिक्षक मोठ्याने वाचत असतो तेव्हा मुले तो आपापल्या गतीने मनात वाचत असतात. दोन्ही गती जुळत नाहीत आणि वाचन व श्रवण एकमेकांच्या आड येते. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या संशोधनातून पुढे आलेले तत्त्व असे की आकृतीच्या जोडीला बोललेले स्पष्टीकरण पुरते. तेच शब्द पडद्यावरही आले की समजणे सहसा अवघड होते. त्यामुळे स्लाइडवर आकृती आणि मोजके शब्द ठेवावेत व बाकीचे बोलावे. याला अपवाद आहेत: नवी संज्ञा, परक्या भाषेतील मजकूर, किंवा वर्गात ऐकण्याची अडचण असलेले मूल. अशा वेळी पडद्यावरचे शब्द हवेतच.

गणितातील सिद्धता किंवा रासायनिक समीकरणाचे संतुलन स्लाइडवर दाखवू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. खडूने लिहिताना शिक्षकाची गती आपोआप मुलांच्या लिहिण्याच्या गतीच्या जवळ येते, मध्येच थांबून ‘आता पुढे काय येईल?’ असे विचारता येते, आणि चुकलेली पायरी खोडून दुरुस्त होताना मुलांना दिसते. स्लाइडवर सगळ्या ओळी एका क्षणात तयार होऊन येतात. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड दाखवणे सुरू असताना इंग्रजी बी हे अक्षर दाबले की पडदा काळा होतो आणि तेच पुन्हा दाबले की स्लाइड परत येते. ही एक कळ ठाऊक असती, तर माझ्या पहिल्या चार-पाच पाठांत मुले माझ्याऐवजी मागच्या चित्राकडे पाहत बसली नसती.

अक्षरांचा आकार शेवटच्या बाकावर बसून तपासावा, कारण देवनागरीत मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरे लहान आकारात आधी पुसट होतात. फक्त लाल आणि हिरव्या रंगांनी बरोबर-चूक दाखवू नये. काही मुलांना या दोन रंगांत फरक करता येत नाही, म्हणून रंगाच्या जोडीला खूणही हवी. घरच्या संगणकावर नीट दिसणारा मराठी मजकूर वर्गातील संगणकावर अगम्य चिन्हांत दिसू लागला, तर तो बहुधा जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला असतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षर-संकेतांत, टाइप करणे हा कायमचा उपाय. वेळ नसेल तर घरीच पीडीएफ करून आणावी.

हाती पडदा दिला म्हणजे सहभाग झाला, असे मानणे

साना, वेस्टन आणि सेपेडा यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, व्याख्यान सुरू असताना लॅपटॉपवर इतर कामे करणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण घसरलेच, शिवाय ज्यांना तो पडदा बसल्या जागेवरून दिसत होता त्यांचेही घसरले. ‘ज्याला शिकायचे आहे तो शिकेल’ ही भूमिका त्यामुळे टिकत नाही, कारण शेजारच्याला त्यात निवडीचा अधिकारच उरत नाही. व्यवहारात मी दोन गोष्टी करते. मी बोलत असताना टॅब्लेट पालथे आणि लॅपटॉप मिटलेले असतात, आणि जेथे शक्य आहे तेथे दोघा-तिघांत एकच उपकरण देते. एकजण हाताळतो, दुसरा सूचना देतो, तिसरा नोंद करतो, आणि दर काही मिनिटांनी भूमिका बदलतात. बदलल्या नाहीत तर एकच मूल सगळे करते आणि उरलेले खिडकीबाहेर पाहतात.

प्रश्नमंजूषेच्या ॲपबाबत मात्र थोडे सविस्तर सांगायला हवे. कहूटसारख्या ॲपमध्ये मूळ मांडणीत लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात. त्यामुळे वर्गात मोठा जल्लोष होतो आणि विचार करणारे मूल मागे पडते. शिक्षकाने प्रश्न विचारल्यावर निदान तीन सेकंद थांबले तर उत्तरे अधिक लांब आणि विचारपूर्वक येतात, हे शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले होते. घड्याळाच्या टिकटिकीने आपण नेमकी तीच उसंत हिरावून घेतो. उपाय सोपा आहे. वेगाचे गुण बंद करावेत, उत्तर आधी वहीत लिहायला लावावे, आणि योग्य उत्तर दाखवण्यापूर्वी कोणत्या पर्यायाला किती मते पडली एवढेच पाहून ‘ब हा पर्याय निवडणाऱ्याने काय विचार केला असेल?’ असे विचारावे. हात वर करणाऱ्या चार-पाच मुलांपलीकडे संपूर्ण वर्ग काय विचार करतो हे एका दृष्टिक्षेपात दिसणे, हाच मला या साधनाचा खरा लाभ वाटतो, आणि विजेत्यांची नावे झळकवण्याच्या नादात तो हातचा जातो.

ऐनवेळी बंद पडल्यावर

पडद्यावर काहीच दिसत नसेल, तर प्रथम प्रोजेक्टरवर योग्य इनपुट निवडला आहे का ते पाहावे, मग तारेची दोन्ही टोके, आणि शेवटी संगणकावर विंडोजची कळ व इंग्रजी पी एकत्र दाबून पडदा ‘डुप्लिकेट’वर (दोन्हीकडे एकच चित्र) आहे का ते तपासावे. चित्र आहे पण आवाज नाही, अशा वेळी तार कोणती आहे ते पाहावे. व्हीजीए तारेतून आवाज जात नाही, त्यासाठी वेगळी तार लागते. एचडीएमआय तारेतून जातो, पण संगणकाच्या ध्वनी-सेटिंगमध्ये तो पर्याय कधीकधी स्वतः निवडावा लागतो. डिजिटल फळ्यावर चित्र दिसते पण स्पर्श चालत नाही, याचे नेहमीचे कारण सुटलेली यूएसबी तार हे असते. बोट एकीकडे आणि रेघ दुसरीकडे उमटत असेल, तर प्रोजेक्टर हललेला असतो आणि फळ्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे स्पर्श आणि चित्र यांची जुळणी, पुन्हा करावी लागते.

नेटवर्कचे गणित तर आधीच करता येते. साधारण दर्जाच्या व्हिडिओला ३ एमबीपीएस (इंटरनेटच्या वेगाचे एकक) लागतात असे धरले, तर ३० मुलांनी तो एकाच वेळी आपापल्या पडद्यावर लावल्यास ९० एमबीपीएस लागतील. म्हणून व्हिडिओ उतरवून आणून एकाच मोठ्या पडद्यावर दाखवावा. फेट या संचातील विज्ञानाची सिम्युलेशन्स (पडद्यावर करून पाहायचे प्रयोग) आणि जिओजिब्रा हे गणिताचे सॉफ्टवेअर ही दोन्ही इंटरनेटशिवाय चालवता येतात. इतके करूनही काही अडले तर मी स्वतःला दोन मिनिटे देते आणि त्यानंतर फळ्याकडे वळते. टाचणाच्या समासात तोच पाठ यंत्राविना कसा घ्यायचा याच्या चार ओळी लिहिलेल्या असतात. संगणक पडद्याला जोडण्यापूर्वी वैयक्तिक संदेशांच्या सूचना बंद करायला विसरू नये, एवढे अनुभवाने सांगते.

कोणत्याही ॲपवर मुलांची खाती उघडण्याआधी त्याची वयोमर्यादा पाहावी (अनेक सेवांमध्ये ती १३ वर्षे आहे) आणि शाळेची व पालकांची परवानगी घ्यावी. पूर्ण नाव आणि छायाचित्र न देता काम भागत असेल, तर ते देऊच नये.

गृहपाठ यंत्राने लिहिला असे वाटल्यास

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आले, आणि त्यापाठोपाठ ‘हे माणसाने लिहिले की यंत्राने’ हे ओळखणारी साधनेही आली. त्यांच्या निकालावर विसंबून मुलाला दोषी ठरवणे ही या यादीतील सर्वांत अन्यायकारक चूक आहे. ओपनएआय या कंपनीने स्वतःच जानेवारी २०२३ मध्ये असे एक साधन आणले. कंपनीच्याच चाचणीत त्याने यंत्रलिखित मजकुरापैकी २६ टक्के मजकूर ओळखला आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर यंत्रलिखित असा शिक्का मारला. त्याच वर्षी जुलैमध्ये अचूकता कमी असल्याचे सांगून ते मागे घेतले गेले. चूक त्याच प्रमाणात होईल असे धरले, तर चाळीस प्रामाणिक मुलांच्या वर्गात तीन-चार जण विनाकारण आरोपी ठरतील.

गृहपाठाची रचना बदलणे हा त्यापेक्षा खात्रीचा मार्ग आहे. पहिला परिच्छेद वर्गातच लिहून घ्यावा, कच्चा मसुदा आणि खाडाखोड यांनाही गुण ठेवावेत, आणि एखाद्या वेळी यंत्राने लिहिलेले उत्तर मुलांच्या हाती देऊन त्यातील चुका शोधायला सांगाव्यात. चंद्राच्या कलांचा विषय त्यासाठी चांगला आहे. तरीही शंका उरलीच, तर मी मुलाला बाजूला बोलावते, त्याच्याच निबंधातील एक वाक्य वाचून दाखवते आणि हे असे का वाटते ते मला सोप्या शब्दांत सांग, असे म्हणते. बहुतेक वेळा दोन मिनिटांत पुरेसा उलगडा होतो, आणि मूल अडखळले तर तिथूनच निबंध पुन्हा लिहायला आम्ही दोघे बसतो.