इंटर्नल घ्यावी की एक्स्टर्नल? हार्ड डिस्क निवडताना या चुका टाळा

कॉम्प्युटरमधली जागा संपत आली की प्रश्न पडतो: आत बसवायची डिस्क घ्यावी की बाहेरून जोडायची? बरेच जण हा दर्जाचा प्रश्न समजतात आणि पहिली चूक तिथेच होते. एक्स्टर्नल हार्ड डिस्कच्या डबीतही बहुतेकदा आतमध्ये बसते तशीच डिस्क असते, फक्त सोबत यूएसबीचं छोटं सर्किट असतं. फरक पडतो तो डिस्क कशाने जोडली आहे, तिला वीज कुठून मिळते आणि ती कुठे ठेवली जाते यामुळे. पुढच्या बहुतेक तक्रारींचं मूळ या तीन गोष्टींतच सापडतं.

ढोबळ मानाने सांगायचं तर रोज ज्यावर काम चालतं ते आत ठेवा: ऑपरेटिंग सिस्टिम, सॉफ्टवेअर, एडिटिंगचा चालू प्रोजेक्ट. जे जपायचं किंवा कुठे न्यायचं आहे ते बाहेरच्या डिस्कवर. आणि विंडोज ज्यावर आहे ती डिस्क एसएसडीच (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी) असू द्या. फिरत्या तबकड्यांच्या डिस्कवर आजचं विंडोज चालवणं म्हणजे स्वतःचा छळ आहे.

डिस्क स्लो नसते, केबल असते

'नवी एक्स्टर्नल डिस्क घेतली, पण कॉपी व्हायला रात्र जाते' ही नेहमीची तक्रार. डिस्क परत करण्याआधी कॉपीच्या खिडकीतला वेगाचा आकडा बघा. तो सेकंदाला ३०-४० एमबीवर अडकून बसला असेल तर जोडणी यूएसबी २.० या जुन्या, संथ प्रकारावर चालली आहे. २.५ इंची (लहान, पोर्टेबल) डिस्क साधारण १०० ते १४० एमबीने लिहू शकते. म्हणजे ५०० जीबी डेटा सव्वा तासाच्या आसपास जायला हवा, तो चार तास घेतो.

पोर्ट जुना असेल तर कारण उघड आहे. पण एक छुपं कारण फार सापडतं. अनेक पोर्टेबल डिस्कना रुंद, चपटं, मध्ये खाच असलेलं मायक्रो-बी सॉकेट असतं. त्याच्या मोठ्या भागात जुन्या फोनची साधी मायक्रो यूएसबी केबल नीट बसते आणि डिस्क चालूही होते! मूळ केबल हरवली की लोक तीच लावतात आणि वेग २.० वर येतो, कारण जास्तीच्या वेगाच्या पिना खाचेपलीकडच्या भागात असतात. टाइप-सी मध्येही तोच घोळ आहे: चार्जरसोबत आलेल्या पुष्कळ केबल डेटासाठी २.० च्याच असतात.

याची उलट चूक म्हणजे वेग हवा म्हणून साधी फिरती हार्ड डिस्क आत बसवणं. ३.५ इंची, ७२०० आरपीएमची डिस्क सलग मोठी फाइल साधारण १५० ते २५० एमबीने वाचते. हा वेग यूएसबी ३.० च्या केबलमधूनही आरामात जातो. त्यामुळे तीच डिस्क आत बसवली काय आणि चांगल्या डबीत घालून बाहेर ठेवली काय, वेगात विशेष फरक पडत नाही. आत बसवण्याचा खरा फायदा एसएसडीला मिळतो. साटा (डिस्क जोडण्याची जुनी पद्धत) एसएसडी ५५० एमबीपर्यंत जाते आणि एनव्हीएमई (नवी, जास्त वेगवान पद्धत) त्याच्या कितीतरी पट पुढे.

विजेकडे दुर्लक्ष

२.५ इंची एक्स्टर्नल डिस्क यूएसबीमधूनच वीज घेते. ३.५ इंचीला १२ व्होल्ट लागतात, म्हणून तिच्यासोबत अडॅप्टर येतो. 'प्रवासात न्यायला' म्हणून जास्त जागेची ३.५ इंची घेतली की प्रत्येक ठिकाणी आधी प्लग शोधावा लागतो.

लाइट लागतो, डिस्क टिकटिक करते, कनेक्ट झाल्याचा आवाज येतो आणि लगेच गेल्याचा, असं होत असेल तर आधी विजेचा संशय घ्या. यूएसबी २.० पोर्टची मर्यादा ५०० मिलिअँपिअर, ३.० ची ९००. कॅबिनेटच्या पुढचा पोर्ट किंवा स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब मध्ये असेल तर तो काढा, डिस्क थेट मागच्या बाजूला मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा आणि केबल आखूड वापरा.

आत जागा आहे का, हे न बघता घेतलेली डिस्क

लॅपटॉपवाल्यांची ही हमखास चूक. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये २.५ इंची डिस्कला जागाच नसते, फक्त एम.२ चा स्लॉट असतो. काहींत तर स्टोरेज बोर्डलाच सोल्डर केलेलं असतं. एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे. त्याच आकारात साटाही येते आणि एनव्हीएमईही, आणि दिसायला दोन्ही जवळपास सारख्या. स्लॉट कोणती चालवतो ते मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघूनच घ्या. डेस्कटॉपवर वेगळी गंमत होते: काही मदरबोर्डवर एम.२ स्लॉट वापरला की एखाददुसरा साटा पोर्ट बंद पडतो. नवी एसएसडी बसवल्यावर जुनी डिस्क गायब झाली तर घाबरू नका, तिची केबल दुसऱ्या साटा पोर्टला लावून बघा.

एक्स्टर्नल स्वस्त पडते म्हणून तिची डबी फोडून डिस्क आत बसवायचा बेतही पुष्कळ जण आखतात. जास्त जागेच्या २.५ इंची डिस्क १५ मिलिमीटर जाड असतात, तर लॅपटॉपचा कप्पा ७ किंवा ९.५ मिलिमीटरचा. शिवाय काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं सॉकेट डिस्कच्याच बोर्डवर सोल्डर असतं, साटाची जोडणी नसतेच. वॉरंटी गेली, हाती काही नाही.

'डिस्क दिसत नाही' आणि चुकीचं बटण

दोन अगदी वेगळ्या परिस्थितींत विंडोज जवळपास सारखंच काहीतरी विचारतं. गोंधळ इथेच होतो.

कोरी इंटर्नल डिस्क बसवली आणि ती धिस पीसीमध्ये आली नाही, तर ती बिघडलेली नसते. स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. इनिशिअलाइझ करायला विचारलं तर जीपीटी निवडा, कारण दुसरा, जुना पर्याय एमबीआर घेतला की २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. मग अनअलोकेटेड भागावर राइट क्लिक करून न्यू सिंपल व्हॉल्यूम. (१ टीबीच्या डिस्कवर ९३१ जीबीच दिसतात, त्यात फसवणूक नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.)

पण कालपर्यंत चालणारी, भरलेली एक्स्टर्नल डिस्क जोडल्यावर 'वापरण्याआधी फॉरमॅट करा' असा निरोप आला, तर तिथे कॅन्सल दाबायचं. इनिशिअलाइझ विचारलं तरीही कॅन्सलच. आधी केबल बदला, मग पोर्ट, मग दुसरा कॉम्प्युटर. तिथेही रॉ (म्हणजे फॉरमॅट ओळखता येत नाही असं) दिसत असेल तर रिकव्हरी सॉफ्टवेअरने फाइल्स दुसऱ्या डिस्कवर उतरवा. दुरुस्तीचा कोणताही प्रयोग त्यानंतर.

फॉरमॅटबद्दल आणखी एक. जागा भरपूर असूनही मोठा व्हिडिओ कॉपी होत नसेल तर डिस्क फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये आहे, त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. एनटीएफएस (विंडोजचा नेहमीचा फॉरमॅट) केलेली डिस्क मॅक वाचतो, पण स्वतःहून तिच्यावर लिहीत नाही. विंडोज आणि मॅक दोन्हीकडे फिरणारी डिस्क एक्सफॅटमध्ये ठेवा, आणि काढताना इजेक्ट करूनच काढा. इंटर्नलला एनटीएफएसच बरी.

हलवलेला डेटा म्हणजे बॅकअप नव्हे

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. कॉम्प्युटर भरला म्हणून फोटो एक्स्टर्नलवर कट-पेस्ट करायचे आणि 'बॅकअप घेतलाय' म्हणायचं. प्रत अजूनही एकच आहे, उलट आता ती पडू शकणाऱ्या, हरवू शकणाऱ्या डबीत आहे. दुसरी इंटर्नल डिस्क बसवून तिच्यावर कॉपी ठेवणं थोडं बरं, पण पॉवर सप्लाय बिघडला किंवा मशीन चोरीला गेलं तर दोन्ही एकदमच जातात. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवा. कायम जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर (खंडणी मागणारा व्हायरस) तिच्यावरच्या फाइल्सही कुलूपबंद करतं.

चालू असताना डिस्क हलवू नका, हेही त्यातच आलं. फिरत्या तबकडीवर हेड (वाचणारं-लिहिणारं टोक) काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. मांडीवर लॅपटॉप आणि केबलला लोंबकळणारी डिस्क हे दृश्य मला तरी बघवत नाही.

टिकटिक पुरेशी वीज देऊनही, केबल आणि कॉम्प्युटर बदलूनही थांबत नसेल, तर दोष बहुधा हेडमध्ये आहे. अशी डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून बघितली की हेड तबकडी खरवडतं. महत्त्वाचा डेटा असेल तर ती बंद करा, झाकण उघडू नका, फ्रीजरमध्ये ठेवायचे सल्ले ऐकू नका आणि क्लीन रूम (धूळमुक्त खोली) असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्यांकडे द्या.