पाणी भरपूर, तरी पीस लिली मान टाकत होती

मे महिन्यात हॉलमधली पीस लिली मलूल पडायला लागली. पाणी कमी पडतंय असं वाटून मी रोज तांब्याभर घालत गेले, तर पानं आणखी पिवळी. शेवटी रोप कुंडीतून बाहेर काढलं. लाल माती विटेसारखी घट्ट झालेली. मधला गोळा कोरडा ठणठणीत, तळाशी चिखल आणि आंबूस वास. पाणी कडेकडेनं थेट खाली उतरत होतं. दाबली की सुटणारी काळी मुळं कापून टाकली, पांढरी टणक ठेवली. मग दोन भाग बागेची माती, दोन भाग भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एकेक भाग गांडूळखत आणि परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे). कुंडी मुद्दाम मोठी घेतली नाही. मुळं थोडी असताना जास्तीची माती ओलीच राहते.

शिवाय एसीचा झोत सरळ पानांवर येत होता. या झाडाला साधारण १८ ते २७ अंश मानवतात, पण गार कोरडा वारा सोसत नाही. म्हणून ते पूर्वेच्या खिडकीशी, पडद्याआड हलवलं. आता बोटाचं पेर मातीत खुपसून बघते, कोरडं लागलं तरच पाणी. करपलेली टोकं परत हिरवी होत नाहीत. पण तीन आठवड्यांनी मधोमध सुरळीसारखं नवं पान वर आलं, तेव्हा फार बरं वाटलं.