कार सीट ‘बसवून द्या’ म्हणणाऱ्यांनो, निदान या चुका तरी टाळा

“ताई, दोन मिनिटांचं काम आहे, तेवढी सीट बसवून द्या ना.” बाळंतपणाची तारीख आठवड्यावर आलेली, सीट अजून खोक्यात, मॅन्युअल प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद आणि बाबा लोक फोनवर मीटिंगमध्ये. मी इकडे कॅलिफोर्नियात, बे एरियात, सर्टिफाइड चाइल्ड पॅसेंजर सेफ्टी टेक्निशियन आहे, म्हणजे लहान मुलांच्या कार सीट नीट बसवल्यात का ते बघायचं आणि आईबापांना बसवायला शिकवायचं. यातलं शिकणं कुणालाच नको असतं, सगळ्यांना बसवून हवी असते. आणि दोन मिनिटांत काही होत नाही हो, एका सीटला अर्धा-पाऊण तास धरूनच या, जुळी असतील तर सोबत डबा आणा.

इथल्या सरकारी रस्ता सुरक्षा खात्याने, म्हणजे एनएचटीएसएने, केलेल्या पाहणीत 46 टक्के कार सीट आणि बूस्टर (मोठ्या मुलाला गाडीचा बेल्ट नीट बसावा म्हणून खाली द्यायची उंच सीट) चुकीच्या पद्धतीने वापरलेले सापडले होते. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला खात्री असते की आपण उरलेल्या 54 टक्क्यांतले.

हार्नेस ढिला (हे मी मरेपर्यंत सांगणार)

सीट गाडीला दगडासारखी घट्ट बसवलेली असते आणि आत मूल मात्र झोळीत टाकल्यासारखं. हार्नेस म्हणजे खांद्यावरून येणारे ते पट्टे. ते किती घट्ट हवेत याची टेस्ट सोपी आहे, बाळाच्या खांद्याच्या हाडापाशी पट्टा चिमटीत उभा धरून बघायचा, चिमटीत घडी आली की ढिला, बोटं नुसती घसरली की बरोबर. दोन बोटं जातील एवढी जागा ठेवा वगैरे जे कुणी काका सांगतात ते विसरा.

आता जॅकेटची गोष्ट. डिसेंबर आला की टाहोला बर्फ बघायला जायचं असतं सगळ्यांना, आणि निघायच्या आदल्या दिवशी सीट चेकला गर्दी. असंच एक कुटुंब, आई-बाबा, दीड-दोन वर्षांचा मुलगा, आणि पुण्याहून आलेली आजी. पोराला ते फुगीर जॅकेट घातलेलं, त्यावरून पट्टे आवळलेले, वरून चिमटी घेतली तर घडी येत नव्हती. बाबा खुश. मी म्हटलं आता पट्ट्याला अजिबात हात लावू नका, बकल सोडा, जॅकेट काढा आणि आहे त्याच पट्ट्यात परत बसवा. बसवला. मी माझी मूठ पट्टा आणि पोराच्या छातीच्या मधून आरपार घालून दाखवली. अॅक्सिडेंटमध्ये ते जॅकेट क्षणात चपटं होतं आणि तेवढी सगळी जागा पोराला पुढे फेकलं जायला मोकळी मिळते, पूर्ण बाहेरसुद्धा निसटू शकतं. बाबा गप्प, पण आजी ऐकेनात, “अहो पण गळा आवळल्यासारखं होतंय लेकराला, आणि थंडीचं काय?” आजींचं बरोबर आहे, थंडीचं उत्तर द्यायलाच हवं, नाहीतर पार्किंग लॉटमधून बाहेर पडल्यावर जॅकेट परत चढणार. तर पातळ फ्लीस घाला, हार्नेस नीट आवळा, आणि मग जॅकेट उलटं करून, म्हणजे पाठ पुढे, हात बाह्यांत, असं हार्नेसच्या वरून घाला, किंवा सरळ ब्लँकेट टाका. आजींनी स्वतः घालून बघितलं तेव्हा कुठे पटलं.

मी यावर भाषण देणं कधीच सोडून दिलंय, प्रत्येक वेळी जॅकेट काढून मूठच घालून दाखवते.

आवळायची माझी सवय अशी की आधी मांडीपाशी आणि कमरेपाशी जमलेला ढिलेपणा वर खांद्याकडे ओढून घ्यायचा, आणि मगच पुढचा ओढायचा पट्टा ओढायचा. लोक डायरेक्ट पुढचाच ओढतात, मग वर घट्ट लागतं आणि खाली पोट-मांडीवर लोंबतं. चेस्ट क्लिप, म्हणजे दोन्ही पट्टे छातीवर जोडणारी ती क्लिप, काखेच्या लेव्हलला, पोटावर नाही आणि गळ्याशीही नाही. आणि पट्टा सीटच्या कुठल्या भोकातून यायला हवा तेही बघा, मूल मागे तोंड करून बसत असेल तर खांद्याला समांतर किंवा खालून, पुढे तोंड करून बसत असेल तर समांतर किंवा वरून.

“पाय दुमडतात हो त्याचे”

वर्षाचा वाढदिवस झाला, केक कापला, की दुसऱ्या दिवशी सीट पुढे फिरवायची हे कुणी काढलं मला माहीत नाही. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने 2018 मध्ये स्वच्छ सांगितलंय की त्या सीटची रिअर-फेसिंगची वजनाची किंवा उंचीची मर्यादा संपेपर्यंत मूल मागे तोंड करूनच बसवा. कॅलिफोर्नियाचा कायदा दोन वर्षांपर्यंत म्हणतो (वजन 40 पाउंड किंवा उंची 40 इंच झाली असेल तर सूट), पण तो किमान आहे, पास होण्यापुरता. हल्लीच्या बऱ्याच कन्व्हर्टिबल सीट (आधी मागे आणि नंतर पुढे तोंड करून वापरता येतात त्या) मागे तोंड करून 40 पाउंडापर्यंत चालतात, काही 50 पर्यंत. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कच्ची असते, समोरून धडक बसली की रिअर-फेसिंगमध्ये सगळी पाठ, मान, डोकं सीटच्या पाठीत एकसारखं दाबलं जातं, पुढे तोंड असेल तर खांदे पट्ट्यांनी धरलेले आणि डोकं एकटं पुढे फेकलं जातं. पाय दुमडतात? दुमडू देत. मुलं घरी सोफ्यावर आपणहून मांडी घालूनच बसतात.

आणि “रडतो म्हणून फिरवली” असं सांगणाऱ्यांना मी विचारते, फिरवल्यावर थांबला का. बहुतेक वेळा नाही.

लॅच आणि बेल्ट, दोन्ही लावले की डबल सेफ?

नाही. एकच लावा. सीट गाडीला बांधायचे दोन मार्ग, एक गाडीचा सीटबेल्ट आणि दुसरा लॅच, म्हणजे सीटच्या फटीत खाली असलेल्या लोखंडी कड्यांना हुक अडकवायचे. सप्टेंबर 2002 पासून बनलेल्या जवळजवळ सगळ्या गाड्यांत ही कडी असतात. दोन्ही एकदम लावायला सीटच्या आणि गाडीच्या मॅन्युअलने स्पष्ट परवानगी दिली असेल तरच लावायचं, आणि तशी क्वचितच असते. लॅचला वजनाची मर्यादा आहे हे तर बहुतेकांच्या गावीही नसतं, मूल आणि सीट मिळून 65 पाउंड. सीटच्या लेबलवर मुलाचं किती वजन चालेल ते छापलेलं असतं, तिथून पुढे बेल्टनेच बांधायची. मला विचाराल तर मी पहिल्यापासून बेल्टच शिकवते, कारण बेल्ट प्रत्येक गाडीत, प्रत्येक जागी असतो. मधल्या सीटला स्वतःची कडी नसताना डावी-उजवीकडची एकेक उसनी घेऊन मध्ये लॅच लावणारे हुशार लोकही भेटतात, गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा, बहुतेक गाड्यांत चालत नाही.

बेल्टने बांधताना बेल्ट लॉक करा!! खांद्याचा भाग हळूहळू शेवटपर्यंत पूर्ण बाहेर ओढायचा आणि मग आत सोडायचा, आत जाताना कटकट आवाज आला की लॉक झाला. सीटलाच स्वतःचा लॉक असेल तर त्याचं मॅन्युअल म्हणेल तसं. मग बेल्ट जिथून जातो तिथेच सीट धरून डावीकडे-उजवीकडे आणि पुढे-मागे हलवायची, एक इंचाच्या आत हलली तर पास. वरचं टोक धरून गदागदा हलवू नका, तिथे ती हलणारच. मी मुद्दाम डाव्या हाताने बघते, उजव्या हाताने जोर लावला की कुठलीही सीट नापास होते.

टेदर: पुढे तोंड असलेल्या सीटच्या वरून मागे जाणारा तो पट्टा. लावा. धडकेत डोकं पुढे जातं ते यामुळे चार ते सहा इंच कमी जातं, आणि पुढच्या सीटची पाठ तेवढीच लांब असते. फक्त डिकीतल्या किराणा पिशव्या अडकवायच्या हुकला लावू नका, टेदरचं कडं वेगळं असतं, त्यावर जहाजाच्या नांगराचं चित्र असतं.

बारीकसारीक, पटापट: मागे तोंड असलेली सीट चालू एअरबॅगपुढे कधीच नाही. नवजात बाळाची मान छातीवर पडत असेल तर सीट उभी आहे, सीटवरची लेव्हल बघा, मॅन्युअल चालेल म्हणत असेल तर खाली गुंडाळलेला टॉवेल किंवा पूल नूडलचा (पोहताना धरतात ती फोमची लांब नळी) तुकडा घाला. सीटसोबत खोक्यात न आलेली उशी, मऊ पट्टा-कव्हर, आरसा, काहीही नको, कितीही गोड दिसलं तरी. सीटला एक्स्पायरी असते, साधारण सहा ते दहा वर्षं, मागे किंवा खाली छापलेली. मैत्रिणीची सीट घेताना अॅक्सिडेंट झालाय का विचारायला लाजू नका, अनोळखी माणसाची घेऊच नका. हार्नेसचे पट्टे वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. बूस्टरमधून बाहेर काढायची घाई नको, कायदा आठ वर्षं किंवा चार फूट नऊ इंच म्हणतो खरा, पण गाडीचा बेल्ट मांडीवर खाली आणि खांद्याच्या मधोमध बसायला बऱ्याच मुलांना दहा-बारा वर्षं लागतात.

आता भारतातून येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी

तिकडून सीट आणू नका. अमेरिकेत चालायला सीटवर इथल्या फेडरल स्टँडर्डचं लेबल लागतं, भारतातली एआयएस-072 ची सीट कितीही भारी असली तरी इथे बेकायदा. उलटं, सुट्टीला जाताना इथली सीट विमानात न्यायची तर तिच्यावर लाल अक्षरात विमानात वापरायला सर्टिफाइड असल्याचं छापलंय ना ते बघा, बूस्टर विमानात चालत नाही.

आणि मग मुंबईला उतरल्यावर जे होतं ते मला बघवत नाही. इथे कोपऱ्यावरच्या दुकानात जाताना पाच पॉइंट हार्नेस लावणारे लोक तिथे टॅक्सीत मागे बाळ मांडीवर घेऊन पुणे एक्स्प्रेसवे. “मी धरते ना घट्ट.” आमच्या ट्रेनिंगमध्ये ढोबळ हिशोब शिकवतात, वजन गुणिले वेग, 20 पाउंडाचं बाळ आणि ताशी 30 मैल म्हणजे सुमारे 600 पाउंडांचा झटका. धरा आता. कायदाही आहे तिकडे, 2019 च्या दुरुस्तीतलं कलम 194बी, चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय असेल तर हजार रुपये दंड. अडचणी खऱ्या आहेत, टॅक्सीच्या सीट कव्हरखाली बकल दडपलेलं असतं आणि तिकडच्या बऱ्याच गाड्यांचा बेल्ट पूर्ण ओढला तरी लॉक होत नाही. म्हणून गाडी आधीच ठरवा, बेल्ट-बकल किंवा आयसोफिक्स (तिकडचं लॅचच म्हणा) आहे का त्याचा फोटो मागवा, आणि सीटला स्वतःचा लॉक असेल तर तो वापरायला इथेच शिकून जा.

नवीन टेक्निशियन मंडळींनो, तुम्हीही सुटत नाही

कोर्स तीन-चार दिवसांचा असतो, वर्गात कमी आणि गाड्यांत वाकून जास्त, परीक्षा, आणि शेवटी खऱ्या पालकांसोबत सीट चेक. त्यात हमखास एक जण असा असतो ज्याचा हात भयंकर चालतो. आमच्या एका बॅचला होता, सॉफ्टवेअरवाला, गुडघा टाकून बेल्ट असा ओढायचा की सीट तसूभर हलायची नाही. शेवटच्या दिवशी एक गरोदर बाई आली, याने सीट घेतली, गाडीत शिरला आणि पाच मिनिटांत घामाघूम होऊन हसत बाहेर. ती थँक्यू म्हणून गेली. पुढच्या इव्हेंटला तीच बाई, आता बाळासकट, दुसरी गाडी, कारण पहिली सर्व्हिसिंगला. सीट तिने स्वतः हलवलेली. कन्व्हर्टिबल सीटला बेल्टचे दोन रस्ते असतात, रिअर-फेसिंगचा वेगळा, फॉरवर्डचा वेगळा, तिने बेल्ट फॉरवर्डच्या रस्त्यातून घातलेला आणि बाळ मागे तोंड करून. मी बोटाने ढकललं तर सीट आडवी झाली. तिची काय चूक? तिला कुणी हात लावू दिला होता का?

सीट पालकांनीच बसवायची, आपण शिकवायचं, कोर्समध्ये पहिल्या दिवसापासून हेच सांगतात आणि इव्हेंटच्या गडबडीत पहिलं हेच विसरतात. मी एका हातात क्लिपबोर्ड आणि एका हातात पाण्याची बाटली धरूनच उभी राहते, म्हणजे हात शिवशिवले तरी मोकळे नसतात. पालकाने एकदा बसवायची, मग पूर्ण सोडवून परत बसवायची, आजी-आजोबा गाडी चालवणार असतील तर त्यांनीही.

दुसरं म्हणजे पाठ केलेलं ठोकून देणं. “ही सीट मी शंभरदा बसवलीय” म्हणणाऱ्याच्या हातात मी आधी मॅन्युअल देते, दोन्ही, सीटचं आणि गाडीचं, कारण एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत नियम उलटे असतात. माहीत नसेल तर पालकांसमोर पान उघडून शोधा, त्यात कमीपणा कसला.

आणि हो, सर्टिफिकेट दोन वर्षांचं असतं. रिन्यू करायला पाच सीट चेक मंजूर करून घ्यावे लागतात, सहा तासांचं पुढचं शिक्षण लागतं, एखादा कम्युनिटी इव्हेंट लागतो. दोन वर्षं असतात यासाठी, तरी मुदत संपायच्या आठवड्यात मेसेज येतोच, “ताई, पाचही एका दुपारी साइन करून द्याल का, गाडी एकच आहे पण चालेल ना?” नाही देणार.