जुन्या लॅपटॉपचं पॉवर बटण दुरुस्त करताना

बटण दाबलं आणि लॅपटॉप सुरू झाला नाही, म्हणून मदरबोर्ड गेला असं लगेच धरून चालू नका. लॅपटॉपची सगळी वीज या बटणातून जात नाही. दाबल्यावर त्यातली दोन टोकं क्षणभर जुळतात आणि मदरबोर्डवरच्या कंट्रोलरला इशारा मिळतो, एवढंच त्याचं काम. त्यामुळे बटण मेलं तरी बाकी यंत्र धडधाकट असू शकतं.

चार्जर लावल्यावर दिवा लागतो, पण बटणाला 'टक्' जाणवत नाही किंवा ते तिरकं, जोर लावून दाबावं लागतं, तर संशय बटणावरच घ्या. दिवाच लागत नसेल तर आधी चार्जर तपासा.

उघडण्यापूर्वी चार्जर आणि बॅटरी काढा. बॅटरी आत असेल तर झाकण निघताच पहिल्यांदा तिचाच कनेक्टर सोडवा. मग आत उरलेली वीज उतरावी म्हणून बटण 30 सेकंद दाबून ठेवा. कागदावर लॅपटॉपचा आराखडा काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटवत जा. आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू पिळला तर आतला भाग फुटू शकतो. रिबन केबल, म्हणजे पट्टीसारखी चपटी केबल, कधीही ओढू नका, आधी कनेक्टरची बारीक पट्टी उचला किंवा सरकवा.

बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये बटण एका छोट्या वेगळ्या बोर्डवर असतं. इथे घाई नको, कारण बिघाड चार ठिकाणी असू शकतो: वरची प्लॅस्टिकची टोपी, खालचा चिमुकला स्विच, केबल किंवा मदरबोर्ड. टोपीचा आतला खुंट मोडला असेल तर स्विचला हातही लावायचा नाही. त्याच उंचीचा प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवला की झालं, फक्त गोंद स्विचमध्ये उतरू देऊ नका.

टोपी ठीक असेल तर मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र) बीपवर ठेवा, म्हणजे त्याची दोन टोकं विजेने जोडली गेली की ते वाजेल. चार पायांच्या स्विचचे दोन-दोन पाय आतून जोडलेले असतात. शेजारचे पाय धरले तर न दाबताही बीप येऊ शकते, म्हणून तिरपे समोरासमोरचे पाय धरा. दाबल्यावर बीप आली आणि सोडल्यावर थांबली, तर स्विच चांगला आहे. मग केबलची टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नीट बसवा आणि केबलची प्रत्येक तार तपासा.

बीप आली नाही किंवा अडखळत आली, तर स्विच बदला. लांबी, रुंदी, पायांची रचना आणि बटणाची उंची जुन्याशी जुळायला हवी. उंची थोडी जास्त झाली तरी टोपी स्विच कायम दाबून ठेवते. जुना स्विच काढताना आधी पायांना फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारं रसायन) आणि थोडं नवं सोल्डर (जोडणीसाठी वितळवायचा धातू) लावा, म्हणजे जुनं लवकर वितळतं. उपटू मात्र नका, बोर्डवरचा तांब्याचा पट्टा सुटला तर काम फार वाढतं.

नवा स्विच बसवल्यावर पुन्हा बीप बघा, केबल आणि बॅटरी जोडा आणि झाकण लावण्याआधीच एकदा सुरू करून पाहा.