मृगाआधी कटरचा प्लग एकदा काढून बघा

रोहिणी आठवड्यावर आल्या. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात दोन वळीव पडून गेले, बेळगावच्या बाजूलाही दुपारनंतर ढग जमायला लागलेत. मृग ७-८ जूनला निघणार. म्हणजे खोडकिडा लागलेली काजूची झाडं बागेतून बाहेर काढायला जेमतेम तीन आठवडे हातात आहेत. नेमक्या याच दिवसांत दरवर्षी एकच रड कानावर येते: कटर (झाडं कापायचं पेट्रोलवरचं चेनचं मशीन) चालू होईना, प्लगला (पेट्रोल पेटवणारी ठिणगी देतो तो) करंट नाही.

कसा असणार? गेल्या पावसात वापरलेला कटर तसाच ओला, टाकीत पेट्रोल ठेवून, गोणपाटात गुंडाळून गोठ्यात टांगला होता. हे इतक्यांदा बघितलंय की आता मशीन न बघताच सांगतो.

एक दिवसाचा खोळंबा म्हणून सोडून देऊ नका. खोडकिड्याचे भुंगेरे उन्हाळ्यात बुंध्याजवळच्या सालीच्या भेगांत अंडी घालतात. अळी साल आणि आतलं लाकूड पोखरत मुळाकडं जाते. बुंध्याला भोकं, डिंक, खाली भुसा, मग पानं पिवळी. पानं पिवळी पडली आणि निम्म्याच्या वर घेरातली साल खाल्लेली असली की ते झाड वाचत नाही. ते काढायचंच, नाहीतर किडा शेजारच्या झाडांवर जातो. खानापूर तालुक्यातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याची अशी पाच झाडं होती. कटर चालू होईना. दुकानदारानं आधी नवीन कॉइल (ठिणगीचा करंट तयार करते ती) गळ्यात मारली, मग कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळतो तो). तोवर मृग लागला, रानात चिखल झाला, झाडं उभीच राहिली. पुढच्या हंगामात शेजारच्या ओळीत भुसा दिसायला लागला. मी कटर उघडला तर स्विचकडं जाणारी बारीक वायर उंदरानं कुरतडलेली. उघडी तार मशीनच्या अंगाला चिकटून करंट तिथंच उतरत होता, प्लगपर्यंत जातच नव्हता. इन्सुलेशन टेपचा एक वेढा, आणि तिसऱ्या ओढीला मशीन चालू.

म्हणून दुकानात जायच्या आधी घरच्या अंगणात एवढं करा. क्रम मोडू नका.

स्विच चालू बाजूला आहे ना ते बघा. हसू नका, बंद स्विचवर दोरी ओढून खांदा दुखवून घेतलेले कमी नाहीत. मग जुनं पेट्रोल ओतून टाका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल धरतं (आपल्याच उसाचं इथेनॉल, तक्रार तरी कुणाकडं करायची!), महिनोन्महिने टाकीत राहिलं की कामाचं राहत नाही. ताजं मिक्स करा. चांगलं २टी (टू-स्ट्रोक इंजिनचं) तेल असेल तर साधारण लिटरला २० मिली, स्वस्तातल्या ५८ सीसी मशीनला बहुधा ४० मिली सांगतात. मशीनच्या पुस्तिकेत असेल तेच खरं. "जरा जास्त तेल म्हणजे इंजिनला बरं" हा समज सोडा, त्यानंच प्लग काळा पडतो.

आठ-दहा वेळा दोरी ओढा आणि प्लग काढा. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोलच वर येत नाही. करंटच्या मागं लागू नका, फिल्टर आणि पाइप बघा. ओला असेल तर करंट नाही किंवा पेट्रोल ओव्हर झालंय. स्विच बंद करून, प्लगचं भोक खाली धरून पाच-सहा वेळा दोरी ओढा, आतलं पेट्रोल बाहेर येईल. प्लगचं टोक विटकरी-तपकिरी असलं तर उत्तम. काळं, तेलकट असलं तर तेल जास्त किंवा हवेचं फिल्टर तुंबलेलं. पांढरंफटक असलं तर मात्र मशीन चालवूच नका. कुठून तरी जादा हवा घेतंय, पिस्टन जाईल.

काळा प्लग पितळी ब्रशनं आणि पेट्रोलनं साफ करा. गॅप (प्लगच्या टोकाची फट) बहुतेक मशीनला ०.५ ते ०.७ मिलिमीटर. तरीही, साफ केलेल्या प्लगवर माझा भरवसा नाही. दीड-दोनशेचा त्याच नंबरचा एक नवा प्लग घरात असावा, पारख त्यावरच करावी.

आता करंट. सांडलेलं पेट्रोल पुसा, डबा लांब ठेवा, पाच मिनिटं थांबा. प्लग कॅपमध्ये (वायरीच्या टोकाच्या रबरी टोपीत) घाला, इन्सुलेशनच्या पकडीनं धरा आणि त्याचे आटे सिलिंडरच्या उघड्या धातूला टेकवा. भोकाजवळ नको, तिथून पेट्रोलची वाफ येते. स्विच चालू करा. सावलीत किंवा दिवेलागणीला जोरात दोरी ओढली की निळी, चटचट वाजणारी ठिणगी दिसली पाहिजे. पिवळी, मरतुकडी ठिणगी धरू नका. प्लग अधांतरी ठेवून दोरी ओढायची नाही, त्यानं चांगली कॉइलही जाते.

ठिणगी नाही? कॅप ओढून बघा. आतली स्प्रिंग निसटलेली, गंजलेली असते. तीही बरी असेल तर कव्हर काढून कॉइलला आलेली स्विचची बारीक वायर सोडवा आणि पुन्हा ठिणगी बघा. आता आली तर कॉइल ठणठणीत आहे, रोग वायरीत किंवा स्विचमध्ये. एवढं एक न करता कॉइल विकत घेणाऱ्यांनी किती पैसे घातले असतील! दुकानदार ही परीक्षा सांगणार नाही. वायर नीट करून परत जोडायला विसरू नका. ती सोडलेली असताना मशीन चालू झालं तर स्विचनं बंद होत नाही, चोक ओढूनच बंद करावं लागतं.

तरीही ठिणगी नसेल तर कॉइलचे पाय आणि फ्लायव्हीलचं (दोरी ओढली की फिरणाऱ्या चाकाचं) मॅग्नेट बघा. ओला ठेवलेला कटर इथंच सापडतो: तांबूस गंजाचा थर, त्यावर भुश्याचा चिखल. बारीक पॉलिश पेपरनं घासा, कोरड्या फडक्यानं पुसा. दोन्हींतलं अंतर साधारण ०.३ मिलिमीटर हवं. मॅग्नेट कॉइलसमोर आणा, दोन्ही स्क्रू ढिले करा, मध्ये व्हिजिटिंग कार्ड घाला, लग्नपत्रिकेचा पुठ्ठा नको. मॅग्नेट कॉइल ओढून घेईल, तसेच स्क्रू आवळा आणि कार्ड काढा. एवढं करून, वायर सोडूनही ठिणगी नसेल, तर कॉइल गेली म्हणा आणि जुनी हातात घेऊन दुकानात जा.

ठिणगी झकास, पेट्रोल येतंय, आणि दोरी उलटी हिसका देते? फ्लायव्हीलची चावी तुटून ठिणगीची वेळ चुकलेली असते. ते मेस्त्रीचं काम.

वीस मिनिटं चालून बंद पडतो, गार झाला की परत चालू होतो, तर कॉइल तापून दगा देते म्हणतात. असेलही. पण आधी बंद पडल्यावर लगेच टाकीचं झाकण ढिलं करा. सुस्स आवाज आला आणि मशीन चालू झालं, तर झाकणाचं हवेचं भोक तुंबलंय.

मृगाआधीची बाकीची कामं:
– काजूच्या वाळक्या, आत वाढलेल्या फांद्या काढणं. कापाला १० टक्के बोर्डो पेस्ट (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर)
– भाताच्या तरव्यावर सावली धरणाऱ्या फांद्या
– पंपाच्या खोलीवर, विजेच्या तारांकडं झुकलेल्या फांद्या (तारांजवळ स्वतः हात घालू नका, लाइनमनला सांगा)
– चेनला धार, ताण, तेल. चेन ब्रेक तपासणं
– दुसरी झाडं तोडायची असतील तर वनखात्याकडं आधी विचारणं

काजू नुसता कापून भागत नाही. अळी बुंध्यात आणि मुळांत असते, खोडका उकरून काढा. कापलेलं लाकूड जळणासाठी बागेच्या कडेला रचलं तर किडा तिथूनच बाहेर पडतो, ते आधी बाहेर न्या.

आणि हंगाम संपल्यावर, दसऱ्याच्या आसपास: टाकी रिकामी करा, उरलंसुरलं पेट्रोल मशीन चालवून जाळा. गार झाल्यावर प्लग काढून भोकात अर्धा चमचा २टी तेल, दोरी दोनदा हळू ओढा, प्लग परत बसवा. कव्हरखालचा भुसा ब्रशनं काढा, दिवसभर सावलीत वाळू द्या. गोणपाट ओल धरतं. गोठ्यात ठेवलेल्या मशीनची कॉइल लवकर जाते असा माझा अनुभव आहे, मुताच्या वाफेनं होत असावं, पुस्तकात कुठं वाचलेलं नाही. घरात, जमिनीपासून वर, झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवा. उंदराला वायर दिसता कामा नये.