पद्मिनीला दुसरं हेड, दुसरा कार्ब्युरेटर

आमची १९८५ सालची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्यात बनलेली. गाडी तापून हेडला (इंजिनाच्या वरच्या झाकणाला) तडा गेला, म्हणून जुन्या बाजारातून ॲल्युमिनियमचं दुसरं हेड आणि सोलेक्सचा कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आणला. दोन्ही बसले बरोबर, पण चढावर इंजिन टकटकायचं आणि प्लग काळे पडायचे.

हेड पुन्हा उतरवलं. प्लग लावून ते उलटं ठेवलं, व्हॉल्व्हच्या कडेला ग्रीस लावलं, चेंबरवर (मिश्रण जळतं त्या खोलगट जागेवर) भोकाची काच ठेवली आणि सिरिंजने रॉकेल भरलं. जुन्या हेडपेक्षा प्रत्येक चेंबरमध्ये ३ सीसी कमी मावलं. हे हेड आधी सपाट करायला बऱ्याचदा घासलेलं होतं, म्हणून चेंबर उथळ झालेले! १०८९ सीसीच्या इंजिनात एका सिलिंडरला जेमतेम २७२ सीसी येतात, त्यामुळे एवढ्याशा फरकानेही कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) साधारण अर्ध्या अंकाने वाढतं. टकटक त्याचीच. मिस्त्रींनी चारही चेंबर आतून घासून मोठे केले. दर थोड्या वेळाने रॉकेल मोजत होतो. चारही सारखे येईपर्यंत मी त्यांना सोडलं नाही.

कार्ब्युरेटर मोठ्या इंजिनाचा निघाला. मेन जेटवरचा (पेट्रोल सोडणाऱ्या भोकाचा) आकडा जुन्यापेक्षा मोठा, म्हणजे पेट्रोल जास्त आणि प्लग काळे. जुने जेट त्यात बसवले. बूडही वाकलं होतं, स्टीलपट्टीखालून उजेड दिसायचा. काचेवर पॉलिश पेपर ठेवून ते घासून सपाट केलं.

नवं गॅस्केट घालून बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळले. मग टॅपेट (व्हॉल्व्हची फट), शेवटी टायमिंग (ठिणगीची वेळ) लावलं. खंबाटकीचा घाट तिसऱ्या गिअरवर टकटक न करता चढलो. प्लग काढून पाहिले, तर चारही फिकट तपकिरी, म्हणजे मिश्रण बरोबर.