सहलीच्या आठवणी जपताय? या चुका टाळा

दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी संपली की मला फोन यायला लागतात. ‘फोटो भरपूर आहेत, अल्बम करून द्याल का?’ मी आनंदाने हो म्हणते, कारण हे काम मला मनापासून आवडतं. मग पेनड्राइव्ह येतो, कधी थेट फोनच हातात येतो, आणि दर वेळी त्याच त्या चुका समोर येतात. फोटो हजारभर असतात, पण त्यांतून सहल उभी राहत नाही. कुठलं गाव, कोणता दिवस, शेजारी उभे आहेत ते कोण, काहीच कळत नाही. ‘घरी गेल्यावर बघू’ म्हणून सोडून दिलेल्या या गोष्टी घरी आल्यावर सापडत नाहीत. मुक्कामाच्या ठिकाणी रात्री जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं दिली असती, तर बहुतेक सगळं वाचलं असतं.

ग्रुपवर आलेला फोटो म्हणजे मूळ फोटो नव्हे

ही चूक इतकी सर्रास होते की मी आता काम घेण्याआधीच विचारते, ‘फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून घेतलेत का?’

ओळखीच्या एका घरातल्या आजी नातवंडांबरोबर पंढरपूर-तुळजापूर-अक्कलकोट करून आल्या. चंद्रभागेच्या वाळवंटात नातवाचा हात धरून मनमोकळ्या हसतानाचा त्यांचा एक फोटो होता. पुढे आजी गेल्या. सूनबाई माझ्याकडे आल्या, ‘हाच फोटो मोठा करून भिंतीवर लावायचाय, बारा बाय अठरा इंच.’ फोटो ज्या फोनवर काढला होता तो नातवाने नवा फोन घेताना एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला होता. शिल्लक होता तो फक्त घरच्या ग्रुपवरचा.

नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅप लहान करून पाठवतं. त्या फोटोची लांब बाजू होती १६०० पिक्सेल. छपाई स्वच्छ यायची तर इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे अठरा इंचांना ५४०० हवेत. आमच्याकडे त्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी होते. फोनच्या पडद्यावर लख्ख दिसणारा तो चेहरा मोठ्या कागदावर पुसट झाला असता. फोटो ‘सुधारून’ देणारी अ‍ॅपं आहेत, आणि नातवाने एकातून काढूनही आणला. मी तो छापायला नकार दिला. अशी अ‍ॅपं नसलेला तपशील अंदाजाने भरतात. आजींच्या गालावरच्या सुरकुत्या गेल्या होत्या, डोळ्यांची ठेवण बदलली होती. ती बाई दुसरीच कोणीतरी होती. शेवटी आम्ही पाच बाय सातचाच फोटो छापला आणि भोवती रुंद पांढरा माउंट लावून फ्रेम मोठी केली. छान दिसते, पण सूनबाईंना हवा होता तो फोटो कायमचा गेला.

आणखी एक नुकसान चटकन लक्षात येत नाही. असा पाठवलेला फोटो आपल्या पोटातली माहिती गमावतो. काढल्याची वेळ, जागा, कॅमेरा, सगळं जातं. अँड्रॉइडवर फाइलच्या नावात जी तारीख दिसते, ती त्या दिवशी फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आला किंवा गेला याची असते. ग्रुपवर आठवड्याने फोटो टाकले की सगळी सहल एकाच दिवसात घडल्यासारखी दिसते.

उपाय साधा आहे. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, तो जसाच्या तसा जातो. त्याहून बरं म्हणजे, निघण्याच्या दिवशी सगळ्यांच्या फोनमधले फोटो एका पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. दोन्ही टोकांचे पेनड्राइव्ह मिळतात, ते सरळ फोनलाच लागतात. मी गाडीत बसण्याआधी हे करून घेते आणि कोणी ‘नंतर पाठवतो’ म्हणालं तर ऐकत नाही. नंतर कोणी पाठवत नाही.

गूगल फोटोजवर सगळं आहे म्हणून निर्धास्त असणाऱ्यांनीही एकदा उघडून बघावं. १ जून २०२१ पासून तिथली अमर्याद मोफत साठवण बंद झाली. १५ जीबी मिळतात आणि त्यात जीमेलही आलं. जागा भरली की नवे फोटो वर जायचे थांबतात, आणि सूचना आली तरी ती वाचतो कोण? शिवाय फोनमध्ये जागा करायला म्हणून त्याच अ‍ॅपमधून फोटो पुसला, तर तो वरूनही जातो. साठवलेला फोटो कचरापेटीत ६० दिवस असतो, पुढे नाही. त्यामुळे घरी एका हार्ड डिस्कवर प्रत हवीच.

कॅमेऱ्याचं घड्याळ आणि नाव नसलेली देवळं

हंपीचे फोटो घेऊन एक कुटुंब आलं होतं. चार फोन आणि एक जुना कॅमेरा. फोटो सगळे सुरेख, पण कॅमेऱ्याची बॅटरी मध्ये कधीतरी पूर्ण उतरली होती आणि त्याचं घड्याळ कारखान्यातल्या पहिल्या तारखेवर गेलं होतं. घड्याळ लावून घ्यायला हवं असं कोणालाच सुचलं नाही. संगणकावर सगळे फोटो एकत्र केले, तर कॅमेऱ्याचे फोटो सगळ्यांच्या आधी, कित्येक वर्षांपूर्वीचे म्हणून जाऊन बसले.

त्यातला एकच फोटो घरातल्या आजोबांना हवा होता. एका रिकाम्या गाभाऱ्यात उभे राहून ते अभंग म्हणत होते. आजोबा पिढीजात वारकरी. पंढरपूरची मूर्ती विजयनगरला, म्हणजे आजच्या हंपीला, नेली होती आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, अशी परंपरेतली कथा आहे. हंपीच्या विठ्ठल मंदिरात गाभारा रिकामा आहे, म्हणूनच ते इतक्या लांब गेले होते. पण अच्युतराय मंदिराचा गाभाराही रिकामाच. फोटोत काळोख, दगडी भिंत आणि हात जोडलेले आजोबा, एवढंच. मुलगा म्हणे हे विठ्ठल मंदिर, सून म्हणे नाही, हे मातंग टेकडीच्या पायथ्याचं अच्युतराय मंदिर. आजोबांना स्वतःलाही खात्री देता येईना, आणि ते त्यांना फार लागलं.

सुटका केली ती दगडी रथाने. पन्नास रुपयांच्या नोटेवर आहे तो रथ विठ्ठल मंदिराच्या प्रांगणातच उभा आहे. त्याच्यासमोर नातीचा एक फोटो फोनवर होता आणि त्याच क्षणाचा कॅमेऱ्यावरही, ओढणी वाऱ्याने तशीच उडालेली. दोन्ही वेळांमधला फरक काढला आणि कॅमेऱ्यावरचे सगळे फोटो तेवढे पुढे सरकवले. डिजिकॅमसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे एकदम करता येतं. गाभाऱ्याचा फोटो रथानंतर थोड्याच मिनिटांनी येऊन बसला. विठ्ठल मंदिरच होतं. पण रथाची ती जोडी नसती तर?

म्हणून कॅमेरा नेणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे. पहिल्या दिवशी सकाळी प्रत्येक फोनने आणि कॅमेऱ्याने एकाच घड्याळाचा फोटो काढा. स्टेशनचं चालेल, हातातलं चालेल. बॅटरी बदलली की तारीख तपासा. परदेशात फोन आपोआप तिथली वेळ घेतो, कॅमेरा मात्र भारतीय वेळेवरच राहतो. जपानात तो साडेतीन तास मागे असेल आणि दुपारचं जेवण सकाळच्या देवळाआधी येईल.

आणि कुठल्याही जागी शिरताना पहिला फोटो पाटीचा. गडाच्या पायथ्याचा फलक, पुरातत्त्व खात्याची पाटी, गावाच्या वेशीवरचं नाव, एसटी थांबा. पाटीचा फोटो सुंदर नसतो म्हणून लोक काढत नाहीत, पण पुढच्या चाळीस फोटोंना तोच नाव देतो. हंपीतच विरूपाक्ष मंदिरात भिंतीवर गोपुराची उलटी सावली पडते, बारीक झरोक्यातून प्रकाश आल्यामुळे. त्या कुटुंबाकडे तिचा फोटो होता आणि ‘हा डाग कसला?’ म्हणून तो पुसायला काढला होता. सोबत एक ओळ लिहिलेली असती तर?

‘खूप मजा आली’ असं लिहून थांबणं

नवशिके महागडी चामड्याची डायरी घेतात, पहिल्या दिवशी सुवाच्य अक्षरात चार पानं लिहितात आणि तिसऱ्या दिवसापासून पानं कोरी. परतल्यावर आठवून भरायचा बेत असतो. आठवून लिहिलेलं मी पुष्कळ वाचलं आहे. त्यात निसर्ग नयनरम्य असतो, जेवण चविष्ट असतं आणि माणसं प्रेमळ असतात. कोणाच्याही सहलीला चिकटवा, चालेल.

त्याच रात्री लिहा, पाचच ओळी लिहा, पण नावं आणि आकडे लिहा. हरिश्चंद्रगडाला गेलात तर वाट पाचनईची होती की खिरेश्वरहून टोलार खिंडीची? केदारेश्वराच्या गुहेत पाणी कुठवर होतं, त्या गार पाण्यात कोण उतरलं आणि कोण काठावर थांबलं? भाकरी नाचणीची की तांदळाची, जेवू घालणाऱ्या मावशींचं नाव काय, ताटाचे पैसे किती? रस्ता चुकलात, भांडलात, कोणाचा पाय मुरगळला, तेही लिहा. काही वर्षांनी वाचताना घरचे सगळ्यांत आधी तीच ओळ शोधतात.

लिहिण्याचा कंटाळाच असेल तर दोन मिनिटं फोनमध्ये बोलून ठेवा. आजोबा-आजी बरोबर असतील तर त्यांनाच बोलायला लावा, आवाजही राहतो.

वही साधी, खिशात मावणारी घ्या. पावसाळी ट्रेकला जेल पेन नेऊ नका, सह्याद्रीच्या पावसात पानंच्या पानं निळी झालेली मी पाहिली आहेत. शिसपेन्सिल न्या. पाण्याने तिचं काही बिघडत नाही.

फोन स्वतःच फोटो निवडून, संगीत लावून जो व्हिडिओ करून देतो, त्यालाच सहलीची नोंद मानू नका. त्याला पंचवीस सेल्फी आणि एक सूर्यास्त दिसतो. जेवू घालणाऱ्या मावशी त्याला ओळखू येत नाहीत.

तिकिटं, पावत्या आणि लॅमिनेशन

एसटीच्या मशीनमधून येणारं तिकीट, हॉटेलचं बिल, बरीच प्रवेशतिकिटं थर्मल कागदावर छापलेली असतात. त्यात शाई नसतेच, उष्णतेने कागदच काळा होतो. उजेडात, उकाड्यात आणि मऊ प्लास्टिकच्या कप्प्यात ही अक्षरं उडून जातात. एका उत्साही काकांनी लडाखच्या सहलीतल्या सगळ्या पावत्या टिकाव्यात म्हणून लॅमिनेट करायला दिल्या. लॅमिनेशनच्या गरम रुळांतून त्या पूर्ण काळ्या होऊन बाहेर आल्या. काकांनी प्रत्येक पावती दोन आठवडे पाकिटात सांभाळून आणली होती.

थर्मल पावतीचा त्याच दिवशी फोटो काढा. कागद ठेवायचाच असेल तर साध्या कागदी पाकिटात, अंधारात. सेलोटेपने काहीही चिकटवू नका. टेप पिवळी पडते, सुटून येते आणि तिचा डाग मागे राहतो.

मला स्वतःला पोस्टकार्डाची सवय आहे. जिथे जाईन तिथल्या पोस्टातून घरच्या पत्त्यावर एक कार्ड टाकते, त्यावर त्या दिवसाच्या दोन ओळी. शिक्क्यात गाव आणि तारीख दोन्ही येतात. स्पितीत हिक्कीमचं पोस्ट ४,४०० मीटरच्या आसपास आहे, तिथून पाठवलेलं कार्ड बऱ्याच उशिरा पोचलं, पण पोचलं.

जे उचलायचं नाही ते उचलणं

गडावरचा दगड, लेण्यातला तुकडा, कास पठारावरची फुलं आणू नयेत, हे पुन्हा सांगावं लागतं याचा मला राग येतो. समुद्रातलं प्रवाळ तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे, आणि काही शंखही. किनाऱ्यावर कोणी विकत असलं म्हणून ते घ्यायचं नसतं. अजिंठ्याला फ्लॅश मारू नका.

आठवण विकत घ्यायची तर तिथे बनलेली आणि घरी वापरात येणारी घ्या. सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, घ्या आणि खेळा. गावाचं नाव छापलेली चावीची साखळी दुसऱ्याच कुठल्यातरी गावात बनते.

झाडाखाली पडलेलं पान वर्तमानपत्राच्या घडीत, जड वह्यांखाली वाळवा. पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदला. ओलं पान सरळ डायरीत घातलं की बुरशी येते आणि ती शेजारच्या पानांना धरते.

अल्बम

निवड लगेच करा, परतल्यापासून पंधरा दिवसांत. एकट्याने करू नका. बरोबर गेलेल्यांपैकी दोघांना शेजारी बसवा, कारण प्रत्येकाला वेगळं आठवतं. दिवसाला आठ-दहा फोटो पुरतात, आणि त्यात एक तरी खोलीचा, गाडीचा किंवा ताटाचा असू द्या. बाकीचे पुसू नका, डिस्कवर राहू द्या.

चिकट पानांवर पारदर्शक पापुद्रा असलेले जुने अल्बम घरात असतील तर आधी त्यांतल्या फोटोंचे फोटो काढून ठेवा. त्या गोंदाने पानं पिवळी पडतात आणि फोटो घट्ट धरला जातो, ओढला की फाटतो. निघत नसेल तर कात्री-सुरी लावू नका. दात साफ करायचा मेण नसलेला धागा मिळतो, तो फोटोच्या मागून हळूहळू करवतीसारखा चालवला की बरेच फोटो सुटतात. नवीन अल्बम जाड, आम्ल नसलेल्या कागदाचा घ्या आणि फोटो कोपऱ्यांच्या खाचांत बसवा.

कोकणात आणि मुंबईत अल्बम बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात किंवा माळ्यावर ठेवू नका. पावसाळ्यात तिथे बुरशी हमखास येते. आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट, मधला खण, सिलिका जेलच्या पुड्या, आणि ओल कमी झाली की नवरात्राच्या सुमारास एकदा सगळे अल्बम उघडून, पानं उलटून, पंख्याखाली ठेवायचे.

नावं फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका. पुढच्या बाजूला वळ उठतात, आणि हल्लीच्या गुळगुळीत कागदावर शाई नीट वाळत नाही, वरच्या फोटोला लागते. फोटोखाली अल्बमच्या पानावर पेन्सिलने लिहा. डावीकडून उजवीकडे पूर्ण नावं, गाव, महिना आणि वर्ष. ‘आई’, ‘काका’ एवढंच नको, कारण पुढे अल्बम उघडणाऱ्याची आई आणि काका वेगळे असतील.